घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॅप्चर आणि एडिटिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत १९९० नंतर शूटिंग घरोघरी पोचलं. लग्न, बारसं, भागवत सप्ताह, तान्हा पोळा, शंकरपट (बैलांची शर्यत), मंडईतली (पूर्व विदर्भातल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेतली) दंडार, म्हणजे लोकनाट्य, सगळं आधी व्हीएचएसवर उतरलं, मग मिनीडीव्हीवर, मग सीडीवर. त्या कॅसेटा अजून आलमारीत आहेत, पण चालवायला प्लेअर गावात उरलेला नाही. दुसरीकडे मोबाइलवर रोज नवं शूटिंग होतंय आणि तेही धड कुठे जमा होत नाही. ही दोन्ही कामं घरच्या साध्या कॉम्प्युटरवर चांगली होतात. त्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर उभी आहेत. आधी कॅप्चर करा, म्हणजे कॅसेटवरचं शूटिंग कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवा; एडिटिंग मागाहून. एडिटिंग दोन वर्षांनीही करता येतं. कॅसेटवरचं चित्र तोवर टिकेलच असं नाही, आणि ती वाचणारी मशीनं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

भाऊ, हे घरी जमेल का, की नागपूरलाच देऊन टाकावं?

जमेल. कॅसेट चांगली असेल, चालता प्लेअर किंवा कॅमेरा मिळत असेल, तर घरी केलेलं काम बाहेरच्या कामापेक्षा कमी ठरत नाही. उलट घरी आपण सावकाश करतो, आणि कोणत्या कॅसेटमध्ये कोण आहे हे आपल्यालाच माहीत असतं. टेप तुटली असेल, बुरशी धरली असेल किंवा कॅसेट पाण्यात भिजली असेल, तर मात्र जाणकाराकडेच न्या. आणि बाहेर देताना एक अट घाला: मिक्सिंग केलेली डीव्हीडी नको, कॅप्चर केलेली मूळ फाइल हार्ड डिस्कवर द्या.

आमच्याकडची कॅसेट कोणत्या प्रकारची, हे कसं ओळखायचं?

मापावरून. व्हीएचएस साधारण १९ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद. साडेनऊ सेंटिमीटर लांबीची असेल तर ती ८ एमएम घराण्यातली: व्हिडिओ ८, हाय ८ किंवा डिजिटल ८. साडेसहा सेंटिमीटरची छोटी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही.

हा फरक कामाचा आहे. व्हीएचएस आणि हाय ८ वर चित्र अॅनालॉग असतं, म्हणजे कॉम्प्युटरला समजेल असं रूपांतर करावं लागतं आणि त्यात दर्जा राखणं आपल्या हातात असतं. मिनीडीव्हीवर चित्र मुळातच डिजिटल आहे. ती नीट वायर लावून उतरवली तर टेपवरचा डेटा जसाच्या तसा हार्ड डिस्कवर येतो, काहीही घटत नाही.

लग्नाच्या सीडी बहुतेक व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी असतात. त्यांना कॅप्चर लागतच नाही. सीडी ड्राइव्हमध्ये घालून डॅट फाइल कॉपी करा. चित्र ३५२ बाय २८८ चंच असेल, ते कोणत्याही सॉफ्टवेअरने खरंखुरं वाढत नाही. म्हणून त्या लग्नाची मूळ व्हीएचएस किंवा मिनीडीव्ही शूटिंगवाल्याकडे अजून आहे का, हे आधी विचारा. कित्येकांकडे खोक्यात पडलेल्या असतात.

कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: पहिल्यांदा हार्ड डिस्क, मग यूपीएस, मग रॅम, आणि ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी. दुकानदार नेमका उलटा क्रम सांगतो, कारण गेम खेळणारं गिऱ्हाईक तेच मागतं.

कॅप्चरला ताकद फार लागत नाही. दहा-बारा वर्षं जुनं मशीनसुद्धा मिनीडीव्ही आरामात उतरवतं. एडिटिंगसाठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय-५, किंवा त्याच तोडीचा रायझन, १६ जीबी रॅम, सिस्टिम आणि चालू कामासाठी ५०० जीबीची एसएसडी, आणि साठवणीला २ किंवा ४ टीबीची साधी हार्ड डिस्क, एवढ्यावर गावातलं बहुतेक काम निघतं. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये मोबाइलचे एच.२६४ आणि एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) व्हिडिओ उलगडायची सोय प्रोसेसरमध्येच असते, पण नावापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ती नसते.

ऑफिसमधून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप नागपूर-अमरावतीच्या बाजारात मिळतात. ते घ्यायला हरकत नाही, मात्र डबा उघडून पाहा. अगदी छोट्या, पुस्तकासारख्या उभ्या राहणाऱ्या मशीनमध्ये कार्ड बसवायची जागाच नसते, आणि मिनीडीव्हीसाठी ती जागा लागते. त्याहून थोडं मोठं, चपट्या डब्याचं मशीन असेल तर अर्ध्या उंचीचं कार्ड घ्यावं लागेल. आणखी एक: विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणून ११ चालणारं मशीन पाहा किंवा लिनक्स टाका.

लॅपटॉप की डेस्कटॉप? लाइट सारखी जाते तिथे लॅपटॉपची बॅटरी मोठा आधार आहे. तरी कॅसेटा जास्त असतील तर डेस्कटॉपच बरा, कारण कार्ड टाकता येतं, डिस्क वाढवता येते आणि तो लवकर तापत नाही.

मिनीडीव्ही कॅमेऱ्याला यूएसबी आहे. त्यानेच उतरवलं तर?

नका उतरवू. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांचं यूएसबी फोटोंसाठी किंवा वेबकॅमसारख्या लहान चित्रासाठी दिलेलं असतं. पूर्ण दर्जाचं चित्र फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीतून निघतं. कॅमेऱ्यावर त्या जागी ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं असतं आणि सॉकेट चार पिनी, एकदम लहान असतं. कॉम्प्युटरकडचं सॉकेट सहा पिनी, म्हणून चार-ते-सहा पिनी वायर लागते.

आताच्या कॉम्प्युटरना फायरवायर नसतं. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेस फायरवायर कार्ड बसवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स किंवा व्हीआयएची चिप असलेलं चालतं. विंडोज १० किंवा ११ वर कार्ड दिसूनही कॅमेरा पकडत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा जुना ‘१३९४ ओएचसीआय लेगसी’ ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो हाताने निवडावा लागतो. पुष्कळांचं घोडं इथेच अडतं आणि ते कॅमेरा बिघडला समजून बसतात.

फायरवायर-ते-यूएसबी अशी साधी वायर ऑनलाइन स्वस्तात विकतात. ती घेऊ नका. दोन्ही जोडण्यांची भाषाच वेगळी आहे, नुसत्या पिना बदलून डीव्ही चित्र येत नाही.

घरात किंवा ओळखीत एखादं जुनं, फायरवायर असलेलं विंडोज एक्सपी किंवा ७ चं मशीन धूळ खात पडलं असेल तर ते विकू नका. इंटरनेट न जोडता फक्त कॅप्चरसाठी ठेवा. त्या कामाला त्याच्याइतकं बिनत्रासाचं दुसरं काही नाही.

मिनीडीव्ही उतरवताना नेमकं काय काय करायचं?

आधी कॅसेटच्या पाठीवरची बारीक पट्टी ‘सेव्ह’कडे सरकवा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. कॅमेरा चार्जरवर लावा, बॅटरीवर नाही. कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद असताना फायरवायर जोडा. सहा पिनी सॉकेटमधून वीजही येते, आणि चालू मशीनमध्ये पिन तिरपी घुसली तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो. तो बदलून देणारा आता शोधून सापडत नाही.

मग कॅमेरा प्लेच्या मोडवर चालू करा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा आणि परत सुरुवातीला आणा. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली टेप त्याने मोकळी होते. दोन-तीन ठिकाणी चालवून पाहा. चित्रात चौकोन चौकोन उडत असतील तर हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, मळलेलं आहे. क्लीनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही, ती हेड घासते.

सॉफ्टवेअर म्हणून विंडोजवर विनडीव्ही फुकट आहे, लहान आहे, पुरेसं आहे. लिनक्सवर डीव्हीग्रॅब. विनडीव्हीमध्ये टाइप-२ एव्हीआय निवडा, फाइलला नाव द्या, कॅप्चर दाबा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्याला उपाय नाही. या काळात त्या मशीनवर दुसरं काही करू नका. खाली ‘ड्रॉप्ड’ म्हणून आकडा असतो, तो शेवटपर्यंत शून्य राहिला पाहिजे. वाढत असेल तर डिस्क भरलेली किंवा संथ आहे, नाहीतर मागे अँटिव्हायरस चालू आहे. कारण काढून टाका आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून उतरवा.

डीव्ही टेपवर प्रत्येक फ्रेमबरोबर शूटिंगची तारीख आणि वेळ नोंदलेली असते, आणि विनडीव्ही ती फाइलच्या नावात टाकू शकतं. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल, तर साखरपुडा कोणत्या दिवशी झाला याचा घरातला वाद तिथेच मिटतो. म्हणून कॅप्चर झालेल्या फाइलचं नाव बदलताना तारीख पुसू नका, तिच्यापुढे नाव जोडा.

व्हीएचएससाठी काय लागेल?

चालता व्हीसीआर (व्हीएचएस प्लेअर) आणि यूएसबी कॅप्चर पट्टी, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरला देणारं लहान यंत्र. व्हीसीआरच्या मागची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. बऱ्याच घरगुती व्हीसीआरना आवाजाची एकच पिन असते, तर एकच जोडा. चित्र काळं-पांढरं किंवा पळतं आलं तर घाबरू नका, सेटिंगमध्ये एनटीएससी (अमेरिकेकडची टीव्ही पद्धत) असेल ते पाल करा. आपल्याकडचं सगळं पाल आहे: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम.

जुन्या टेपचं चित्र वरच्या बाजूला वाकडं होतं, थरथरतं. ते स्थिर करायला टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र असतं, पण ते महाग आणि दुर्मीळ आहे. काही मिनीडीव्ही आणि डिजिटल ८ कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘एव्ही ते डीव्ही आउट’ असा पर्याय असतो. तसा कॅमेरा मिळाला तर व्हीसीआर त्याला जोडा आणि तिथून फायरवायरने कॉम्प्युटरला. स्वस्त पट्टीपेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला, आणि आवाज-चित्र मागेपुढेही होत नाही.

पट्टीच वापरायची तर दोन रस्ते आहेत. डिस्कवर जागा असेल तर व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर आणि हफवाययूव्ही किंवा यूटी व्हिडिओ हा लॉसलेस कोडेक, म्हणजे दर्जा न घटवता व्हिडिओ साठवायची पद्धत. तासाला साधारण २५ ते ३५ जीबी लागतात. जागा नसेल तर ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर: कॅनव्हास ७६८ बाय ५७६, ५० फ्रेम, सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये (आडव्या रेषा काढायच्या सेटिंगमध्ये) ‘याडिफ २एक्स’, आणि १० एमबीपीएसचं (सेकंदाला १० मेगाबिटचं) रेकॉर्डिंग, तासाला साडेचार जीबी. गेलेल्या माणसांची एकमेव कॅसेट असेल तर लॉसलेसच करा. जागेचा हिशोब पुढे कधीतरी जमतो.

कॅसेटच्या काचेतून आत पांढरं-पांढरं दिसतं. चालवून पाहू का?

अजिबात नाही. ती बुरशी आहे. टेपच्या गुंडाळीवर पांढरी धूळ किंवा कोळ्याच्या जाळीसारखे ठिपके दिसतात. अशी कॅसेट चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर बसते, आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. वेगळ्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा, जाणकाराकडून साफ करून घ्या.

आपल्याकडे उन्हाळ्यात टिनाखालच्या माळ्यावर टेप भाजते आणि पावसाळ्यात भिंतीला लागून ओल धरते. कॅसेटा माळ्यावरून खाली आणा, मधल्या खोलीत भिंतीपासून सुटी असलेल्या आलमारीत, डब्यात घालून, उभ्या ठेवा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

लाइट मधेच जाते. मग फाइल जाते का?

जाऊ शकते. एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर अख्खी फाइल उघडेनाशी होते, कारण तिची सूची शेवटी लिहिली जाते. ओबीएसमध्ये एमकेव्ही निवडा. वीज गेली तरी तोपर्यंतचं शाबूत राहतं, आणि मागाहून ओबीएसमधूनच ‘रिमक्स’ करून एमपी४ बनवता येतं, दर्जा न घटता.

यूपीएस घ्याच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात कॅप्चर थांबवून मशीन नीट बंद होतं. त्यावर फक्त सीपीयू, मॉनिटर आणि बाहेरची हार्ड डिस्क लावा. कूलर, प्रिंटर नको. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

गावठाणाच्या फीडरवर असाल तर बरं. वावरातल्या घरात, शेतीच्या फीडरवर, वीज आठ-दहा तासच असते आणि मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज दणकन खाली येतं. तिथे कॅसेट लावायची वेळ मोटारींच्या वेळेबाहेरची ठेवा, शक्य असेल तर लॅपटॉपवर करा. आणि अर्थिंग तपासून घ्या. सीपीयूच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर फायरवायरने कॅमेरा जोडूच नका, आधी वायरमनला बोलवा.

उन्हाळ्यात कॉम्प्युटर खूप तापतो. कूलरसमोर ठेवू का?

कूलरसमोर नको. चंद्रपूर, अकोला, वर्धेकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मशीन तापणारच, पण कूलरची हवा ओली असते. ती थेट डब्यात शिरली तर गंज धरतो, आणि कॅसेटा त्याच खोलीत असतील तर बुरशीला आमंत्रण. कूलरचा झोत खोलीत फिरू द्या, मशीन झोताच्या बाजूला ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे, मागची खिडकी उघडी. रेंडरिंगसारखं (एडिट झालेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवण्यासारखं) जड काम रात्री दहानंतर लावा. प्रोसेसर तापला की आपोआप वेग कमी करतो, म्हणून दुपारी चार तास लागणारं काम पहाटे कमी वेळात होतं.

जिनिंगजवळच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याजवळच्या) घरांत वेगळी अडचण असते. कापसाच्या हंगामात रुईचे बारीक तंतू हवेत असतात आणि प्रोसेसरच्या पंख्यामागच्या पत्र्यात अडकून त्यांचा नमदा तयार होतो. वरून डबा स्वच्छ दिसतो, हवा मात्र जात नाही. दिवाळी ते होळी या काळात महिन्यातून एकदा मशीन बंद करून, पंखा बोटाने धरून, ब्लोअरने धूळ काढा. पंखा मोकळा फिरू दिला तर तो खराब होतो.

हार्ड डिस्क किती मोठी लागेल?

हिशोब सोपा आहे: एमबीपीएसचा आकडा गुणिले सेकंद, भागिले ८, एवढे एमबी. मिनीडीव्ही तासाला साधारण १३ जीबी खाते, म्हणजे १ टीबीमध्ये पंच्याहत्तर-एक कॅसेटा. मोबाइलचा फुल एचडी व्हिडिओ १७ एमबीपीएसच्या आसपास असेल तर तासाला साडेसात जीबी. फोर-के त्याच्या जवळपास तिप्पट.

मोठ्या फाइल कॉपी होत नसतील तर डिस्क किंवा पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतला डेटा दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आणि प्रत्येक कॅप्चरच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. दुसरी डिस्क दुसऱ्या घरात, शक्य तर दुसऱ्या गावात, बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवा. एकाच आलमारीत ठेवलेल्या दोन डिस्क एकाच चोरीत आणि एकाच आगीत जातात. एसटीने नेताना डिस्क कपड्यांत गुंडाळून मांडीवर घ्या, चालू डिस्क कधीही हलवू नका.

एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर?

शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. दोन्ही फुकट, दोन्ही विंडोज आणि लिनक्सवर चालतात, जुन्या मशीनवरही. व्हिडिओ अडखळत चालत असेल तर ‘प्रॉक्सी’ चालू करा: सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलची लहान प्रत बनवतं, आपण तिच्यावर कापाकापी करतो, आणि शेवटी फाइल मूळ दर्जातूनच निघते. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती रंग सुधारायला फार ताकदीची आहे, पण तिला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं, आणि लिनक्सवरची फुकट आवृत्ती एच.२६४ उघडत नाही.

पेन ड्राइव्हवरून मिळणारं क्रॅक केलेलं महागडं सॉफ्टवेअर टाकू नका. त्यासोबत येणारा एखादा व्हायरस सगळ्या डिस्कवरच्या फाइलना कुलूप लावतो, जोडलेल्या बॅकअपसकट. गावाच्या आठवणी त्या डिस्कवर आहेत.

मोबाइलच्या व्हिडिओत आवाज हळूहळू मागे पडतो.

मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो. एडिटिंग सॉफ्टवेअर ठरावीक धरून चालतं, म्हणून लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज सुटतात. हँडब्रेक या फाइल बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल एकदा बदलून घ्या.

मंडपातल्या एलईडीखाली चित्रात पट्टे फिरत असतील तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. आणि व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल एडिटिंगला घेऊ नका, तिचा दर्जा गेलेला असतो. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. २ जीबीपर्यंत जाते.

हलणाऱ्या माणसाच्या कडेला आडव्या रेषा दिसतात.

कॅसेटवरचं चित्र इंटरलेस असतं, एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं. मूळ फाइल तशीच ठेवा, फक्त बाहेर काढताना डीइंटरलेस करा, आणि २५ ऐवजी ५० फ्रेमचं आउटपुट घ्या. शंकरपटातले बैल त्यात खरे पळताना दिसतात. डीव्हीसाठी फील्डचा क्रम ‘लोअर फर्स्ट’. तो उलटा पडला तर चित्र थरथरतं.

भजनाचं रेकॉर्डिंग नेहमी फाटतं. काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. गुरुकुंज मोझरीच्या, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली भजनं गावोगावी होतात, मंडळातले जुने आवाज एकेक करून कमी होताहेत, आणि जे रेकॉर्ड होतं ते ऐकवत नाही.

दोष खंजिरीच्या ठोक्याचा. गाणाऱ्याचा आवाज मध्यम असतो, पण खंजिरीची थाप एका क्षणात त्याच्या कितीतरी वर जाते. मोबाइल आपोआप आवाज वाढवत-घटवत राहतो: थाप पडली की सगळं दाबतो, गाणारा दबतो, मग हळूहळू वर येतो आणि पुढची थाप फाटते. ऐकताना आवाज श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. एकदा फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरता सुधारत नाही.

म्हणून आवाज वेगळा घ्या. लहान ऑडिओ रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्झवर, ऑटो लेव्हल बंद. खंजिरीवाल्याला आधी पूर्ण जोराने वाजवायला सांगा, तेव्हा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकी पातळी ठेवा. कमी वाटली तरी वाढवू नका, ती घरी वाढवता येते. रेकॉर्डर गाणाऱ्याच्या समोर, खंजिरीपासून लांब, आणि भोंग्यासमोर तर मुळीच नाही. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाइमलाइनवर त्या टाळीचं टोक आणि चित्रातले जुळलेले हात एकत्र आणले की दोन्ही बसतात. मग कॅमेऱ्याचा आवाज बंद करा. लांब कार्यक्रमात शेवटी परत एक टाळी घ्या, म्हणजे मधे किती सरकलं ते कळतं.

रात्रभराचं झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक रेकॉर्ड करायचं आहे.

करा, आणि आधी कंपनीची परवानगी घ्या. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या धानाच्या कापणीनंतर मंडईच्या हंगामात पूर्व विदर्भ पालथा घालतात, नाटक विकूनच त्यांचं पोट चालतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी अख्खं नाटक यूट्यूबवर टाकलं तर पुढच्या गावचं तिकीट मार खातं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क ५० वर्षं असतो. हंगाम संपल्यावर दाखवू, किंवा फक्त जपून ठेवू, असं बोलून घेतलं तर कंपनीवाले सहसा नाही म्हणत नाहीत. २०२३ मध्ये झाडीपट्टीतले परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. या रंगभूमीच्या जुन्या कॅसेटा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर सगळ्यात आधी कॅप्चरला बसावं.

तांत्रिक बाजू अशी: सहा तासांना १७ एमबीपीएसने सुमारे ४६ जीबी लागतात, म्हणून १२८ जीबीचं कार्ड. कार्ड खरं आहे का, हे आधी एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) या सॉफ्टवेअरने तपासा, आकडा खोटा छापलेली कार्डं बाजारात पुष्कळ आहेत. कॅमेरा फाइलचे तुकडे करतो, म्हणून कार्डवरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. डिसेंबरच्या थंडीतून घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेतून काढू नका, उबदार खोलीत त्यावर दव धरतं; तासभर बॅगेतच राहू द्या.

मराठी अक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते.

जुना श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्ट वापरताय. युनिकोड फॉन्ट घ्या: ‘मुक्त’ (Mukta), बलू (Baloo), नोटो सॅन्स देवनागरी, सगळे फुकट. तरीही जोडाक्षर फुटलं तर इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून, पारदर्शक पीएनजी बनवून व्हिडिओवर ठेवा.

लग्नाच्या व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावलं तर?

घरात पाहायला लावा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर तिथली यंत्रणा गाणं ओळखते आणि आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओ अडतो. वाजंत्रीचा, मंगलाष्टकांचा खरा आवाज ठेवा, तो जास्त चांगला लागतो.

इंटरनेट नीट नाही. अडेल का?

कॅप्चर आणि एडिटिंगला इंटरनेट लागतच नाही. सॉफ्टवेअर तालुक्याला जाऊन एकदा पेन ड्राइव्हवर आणा, अधिकृत साइटवरूनच. यूट्यूबला टाकायचा व्हिडिओ ८ एमबीपीएसचा पुरतो, आणि तो पहाटे चढवा.

कॅप्चर झाल्यावर कॅसेट टाकून द्यायची का?

नाही. फाइल सुरुवात, मधे, शेवट अशी तीन ठिकाणी डोळ्यांनी पाहा आणि आवाज हेडफोनवर ऐका. दोन्ही प्रती उघडतात याची खात्री करा. मग कॅसेटवर फाइलचं नाव लिहून ती पुन्हा डब्यात, उभी. डिस्क सहा महिन्यांतून एकदा जोडून कोणतीही चार फाइल चालवून पाहा. कर्र-कर्र आवाज आला किंवा फाइल उघडायला वेळ लागला तर त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून नवी प्रत काढा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रातली माणसं कोण, कुठल्या गावची, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हे काम कॅप्चरच्याच आठवड्यात उरका.